वंशावळ आणि नोंदवही

कुलवृत्तान्त हा ग्रंथप्रकार मराठी वाचकांस नवा नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून निरनिराळ्या कुलमंडळांनी आपापल्या घराण्यांचे असे ग्रंथ सिद्ध केले, त्यांच्या पुढील आवृत्त्या व पुरवण्या निघाल्या, आणि आजही निघत आहेत. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आम्हां मंडळींना तर या ग्रंथांचे अगत्य विशेष. एखाद्या दिवशी देशाकडून एक छापील तक्ता येतो. त्यात मूळ गाव, गोत्र, कुलदैवत, आजोबांचे नाव, पणजोबांचे नाव अशी रिकामी घरे आखलेली असतात. घरातील वडीलधाऱ्या माणसास विचारून दोन-तीन पिढ्या लिहून होतात. चौथ्या पिढीपाशी लेखणी थांबते. आम्ही तक्ता तसाच अर्धामुर्धा भरून परत पाठवितो. पुढे ग्रंथ छापून हाती येतो, तेव्हा मात्र आम्ही मोकळी सोडलेली जागा भरलेली आढळते. ती कोणी भरली आणि कशावरून भरली, याविषयी ग्रंथात चकार शब्द नसतो.

अशा ग्रंथांचे आपल्याकडे स्वागत होते, परीक्षण होत नाही. संपादकांचे श्रम, जमविलेल्या शाखांची संख्या, छपाईचा नेटकेपणा यांचे कौतुक केले की अभिप्राय संपला. कोणाच्या पूर्वजांविषयी शंका काढणे सभ्यपणाचे वाटत नाही, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु कुलवृत्तान्त हा जर ग्रंथ असेल, तर ग्रंथाचे नियम त्यालाही लागू झाले पाहिजेत. चरित्राला आपण पुरावा विचारतो, इतिहासाला विचारतो; मग शेकडो त्रोटक चरित्रांची मिळून झालेली ही एकच रचना सोवळ्यात का ठेवावी? आमच्या मते कुलवृत्तान्ताची कसोटी अगदी साधी आहे. तो किती पिढ्या मागे जातो हे पाहण्याचे कारण नाही. तो कोठे थांबतो, आणि थांबल्याचे प्रांजळपणे सांगतो की नाही, हे पाहावे.

हा विचार करण्यास कलकत्त्यातील बागबाजारासारखी सोयीची जागा दुसरी नाही. उत्तर कलकत्त्याच्या या जुन्या वस्तीत, पायी हिंडता येईल एवढ्या टापूत, पूर्वजांच्या शोधाचे तीन निरनिराळे धडे पडून आहेत. बोसपाडा गल्लीत एक आयरिश बाई राहून गेली. विश्वकोश गल्ली बंगालमधील कुलग्रंथांच्या एका थोर संग्राहकाची आठवण देते. आणि तिसऱ्या गल्लीचे नाव आहे मराठा डिच लेन. तिच्याकडे आम्ही शेवटी वळू.

बोसपाडा गल्लीतील सोळा क्रमांकाच्या घरात १३ नोव्हेंबर १८९८ रोजी भगिनी निवेदितांची मुलींची शाळा सुरू झाली. मार्गारेट एलिझाबेथ नोबल यांचा जन्म २८ ऑक्टोबर १८६७ रोजी आयर्लंडच्या टिरोन परगण्यातील डंगॅनन या गावी झाला. त्यांची चरित्रे अनेक आहेत. लिझेल रेमाँ यांचे फ्रेंच चरित्र १९४५ साली, प्रव्राजिका मुक्तिप्राणा यांचे बंगाली १९५९ साली आणि प्रव्राजिका आत्मप्राणा यांचे इंग्रजी १९६१ साली प्रसिद्ध झाले. निवेदितांच्या चरित्रकथेचा आरंभ नेहमी पूर्वजांपासून होतो. वडिलांचे वडील जॉन नोबल हे वेस्लियन पंथाचे धर्मोपदेशक. वडील सॅम्युएल हेही पुढे धर्मोपदेशकच झाले व तरुण वयात वारले. आईचे माहेर हॅमिल्टनांचे, आणि ते आजोबा आयर्लंडच्या राष्ट्रीय चळवळीतले. एका आजोबांकडून धर्म आला, दुसऱ्यांकडून देशभक्ती आली, आणि दोहोंचा संगम नातीच्या ठायी झाला, असा वाचकाचा समज आपोआप होतो.

समज सुंदर आहे, आणि खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही. तथापि त्याची घडण पाहण्यासारखी आहे. येथे नात आधी ठाऊक आहे, आजोबा मागाहून शोधले आहेत. नातीच्या चरित्राला उपकारक तेवढेच आजोबा चरित्रात आले. जे आजोबा कोणाच्याच चरित्राला उपकारक नव्हते, ज्यांनी जमीन कसली, खंड भरला आणि मुले वाढविली, त्यांचे काय झाले? त्यांचा पत्ता चरित्रांत लागत नाही. तो लागला तर नोंदवह्यांतच लागावयाचा.

आयरिश माणसाचा आपल्या पूर्वजांचा शोध हा प्रामुख्याने दोन प्रकारच्या वह्यांतून चालतो. एक पॅरिशची, म्हणजे एका चर्चच्या कक्षेतील वस्तीची, बाप्तिस्मा-विवाहांची वही, दुसरी जमिनीची. निवेदितांच्या पिढीपुरते काम सोपे आहे, कारण आयर्लंडात सर्व जन्मांची सरकारी नोंद १८६४ पासून सुरू झाली. तीत जन्मतारीख, ठिकाण, आईचे माहेरचे नाव, बापाचा धंदा आणि वर्दी देणाऱ्याची सही असते. त्यामागे जाऊ लागले की वाट अरुंद होते. मेथॉडिस्ट लोक एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत आपल्या मुलांचे बाप्तिस्मे बहुधा राजमान्य आयरिश चर्चमध्येच करवीत, म्हणून नोबलांसारख्या घराण्याचे आणखी मागचे धागे दुसऱ्याच पंथाच्या वहीत शोधावे लागतात. बहुसंख्य कॅथॉलिकांची अवस्था निराळी. त्यांच्या धर्मावर कायद्याची दीर्घकाळ वक्रदृष्टी होती. त्यामुळे त्यांच्या पुष्कळशा पॅरिशांच्या वह्या अठराव्या शतकाच्या अखेरीस किंवा एकोणिसाव्याच्या पूर्वार्धातच सुरू होतात. त्यांतली एकेक ओळ म्हणजे मुलाचे नाव, बापाचे नाव, आईचे माहेरच्या आडनावासह नाव आणि धर्मपिता व धर्ममाता यांची नावे. बस्स. विशेषण नाही, स्तुती नाही. पण धर्मपित्याचे आडनाव आईच्या माहेरचे निघाले, की त्या एका ओळीतून दोन घरांमधला घरोबा दिसू लागतो.

जमिनीच्या वह्यांतही दोन मुख्य. चर्चच्या करासाठी १८२३ ते १८३७ या काळात तयार झालेली आकारणीची पुस्तके ही पहिली, आणि रिचर्ड ग्रिफिथ याच्या देखरेखीखाली झालेली, १८४७ ते १८६४ या वर्षांत छापली गेलेली जमीन व घरांची मोजदाद ही दुसरी. या मोजदादीत टाउनलँड नावाच्या लहानशा, वाडीएवढ्या विभागापर्यंत कूळ कोण, मालक कोण, जमीन किती, आकार किती हे लिहिलेले आहे. असे साठ हजारांवर टाउनलँड आयर्लंडात आहेत. या दोन वह्यांच्या मधोमध १८४५ सालचा बटाट्यावरील रोग आणि त्यानंतरचा भयंकर दुष्काळ येतो. सुमारे दहा लाख माणसे त्यात मेली, आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. एखादे नाव पहिल्या वहीत आहे आणि दुसऱ्या वहीत त्याच टाउनलँडात नाही, असे पुन्हापुन्हा आढळते. ते नसणे हीच तेथली नोंद. अमेरिकेतील वा ऑस्ट्रेलियातील पणतू त्या जागी बोट ठेवतो आणि त्याला पुष्कळ काही कळते.

आणि मग आग आली. १९२२ च्या जून महिन्याच्या अखेरीस, यादवी युद्धाच्या पहिल्याच दिवसांत, डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीतील सरकारी दप्तरखाना जळून गेला. १८२१ पासून १८५१ पर्यंतच्या चार खानेसुमाऱ्या, थोडेथोडके अवशेष सोडले तर, त्यात गेल्या; आयरिश चर्चच्या शेकडो पॅरिशांच्या वह्या गेल्या. १८६१ ते १८९१ पर्यंतच्या खानेसुमाऱ्या तर सरकारनेच आधी नष्ट केल्या होत्या. म्हणून संपूर्ण हाती लागणारी पहिली खानेसुमारी १९०१ ची. पुढे २०१५ साली आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने कॅथॉलिक पॅरिशांच्या वह्यांच्या प्रतिमा सर्वांस मोफत पाहता येतील अशी व्यवस्था केली, आणि जळालेल्या दप्तराच्या इतरत्र राहिलेल्या प्रती जुळवून तो दप्तरखाना निदान छायारूपाने पुन्हा उभा करण्याचा प्रकल्प २०२२ साली, आगीच्या शताब्दीला, लोकांपुढे आला.

या सर्वांतून आयरिश कुलशोधकाच्या अंगी एक सवय बाणली आहे, तीच आम्हांस मोलाची वाटते. पणजोबा कोणत्या वहीवरून मिळाले, खापरपणजोबा कोणत्या वहीवरून, हे तो पिढीगणिक लिहितो. वही संपली की तोही थांबतो. येथे आग लागली, येथे वहीच सुरू झाली नव्हती, असे लिहून जागा रिकामी ठेवतो. रिकाम्या जागेची त्याला लाज वाटत नाही, कारण ती जागा कशाने रिकामी झाली हे त्याला ठाऊक असते. त्या जागेला इतिहास आहे.

आता विश्वकोश गल्लीकडे वळू. नगेंद्रनाथ बसू (१८६६–१९३८) यांनी बंगाली विश्वकोशाचे बावीस खंड १९११ साली पुरे केले. एका माणसाच्या हातून एवढे काम झाले, याची आठवण म्हणून बागबाजारातील त्यांच्या गल्लीस ग्रंथाचेच नाव मिळाले. लेखकाऐवजी ग्रंथाच्या नावाने ओळखली जाणारी गल्ली इतरत्र फारशी आढळावयाची नाही. याच नगेंद्रनाथांनी 'बंगेर जातीय इतिहास' हा अनेक भागांचा ग्रंथ लिहिला, आणि त्याचा पाया त्यांनी रचला तो कुलपंजिकांवर. बंगालमध्ये विवाह जुळविणाऱ्या घटक लोकांपाशी ब्राह्मण-कायस्थादी जातींच्या कुलांच्या पोथ्या असत. आदिशूर राजाने कान्यकुब्जाहून पाच ब्राह्मण आणले, त्यांच्याबरोबर पाच कायस्थ आले, पुढे बल्लाळसेनाने कुलीनत्वाची पायरी बांधून दिली, अशी कथा या पोथ्यांत येते. नगेंद्रनाथांनी त्या पोथ्या गावोगाव हिंडून गोळा केल्या, वाचल्या, त्यांची तुलना केली. त्यांच्या उद्योगापुढे नम्र व्हावे असाच तो उद्योग आहे.

परंतु राखालदास बंद्योपाध्याय, रमाप्रसाद चंद आणि पुढे रमेशचंद्र मजुमदार या इतिहासकारांनी विचारलेल्या प्रश्नांना त्या पोथ्यांपाशी उत्तर नव्हते. आदिशूराचा समकालीन असा एकही लेख नाही. सेन राजांचे ताम्रपट आहेत, त्यांत दान घेणाऱ्या ब्राह्मणांची गोत्रे व पूर्वज आहेत, पण कुलीनप्रथेचे नाव नाही. पोथ्या तर वर्णिलेल्या काळानंतर काही शतकांनी लिहिलेल्या, आणि एकमेकींशी न जुळणाऱ्या. शिवाय ज्याचे कुल उच्च ठरावयाचे त्याच्याच आश्रयाने घटक जगत असे. साक्षीदार प्रामाणिक असेलही. पण त्याची मिळकत निकालावर अवलंबून होती. मजुमदारांनी १९७३ साली 'बंगीय कुलशास्त्र' या पुस्तकात हा हिशोब सविस्तर मांडला. आम्हांस त्यातून इतकेच घ्यावयाचे आहे, की श्रम, विद्वत्ता आणि कळकळ ही तिन्ही असूनही साक्षच हितसंबंधी असेल तर ग्रंथ लंगडा राहतो.

वाचक म्हणतील, हे बंगालचे झाले. आपल्याकडे तसे नाही. खरोखरच नाही काय? महाराष्ट्राबाहेरचा सर्वांत भव्य मराठी कुलवृत्तान्त तंजावरास बृहदीश्वराच्या देवळात दगडावर आहे. दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ साली भोसले वंशाचे चरित्र तेथे मराठीत कोरविले. एवढा प्रदीर्घ कोरीव लेख क्वचितच कोठे असेल. त्याची भाषा, त्यातील तपशील यांची थोरवी निर्विवाद आहे. पण तो केव्हा कोरला गेला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. सरफोजी हे तुळजाजींचे दत्तक पुत्र. त्यांचे दत्तविधान शास्त्रशुद्ध की नाही, यावर वर्षानुवर्षे वाद झाला, पंडितांची मते मागविली गेली, मध्यंतरी गादी अमरसिंहांकडे गेली, आणि १७९८ साली ती सरफोजींस मिळाली. पुढच्याच वर्षी तहाने राज्याचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला. ज्याच्या वारसाहक्काची शंका घेतली गेली, आणि ज्याचा वारसाच हातचा निसटला, त्याने वंशावळ दगडात खोदविली. त्यात आम्हांस दंभ दिसत नाही, हानी दिसते. वंशावळ बहुधा अशाच वेळी लिहिली जाते. जे हातून गेले त्याची भरपाई ती करू पाहते. आमच्या, परप्रांतात राहणाऱ्यांच्या, कुलवृत्तान्तवेडाचे मूळही याहून फार निराळे नसावे.

म्हणून साक्षीची प्रतवारी करावयास शिकले पाहिजे, आणि त्यासाठी मराठी माणसापाशी साधने तुटपुंजी आहेत असे मुळीच नाही. त्र्यंबकेश्वर, नाशिक, काशी, गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या घ्या. यात्रेकरू आपले नाव, बापाचे, आजाचे, भावांचे, मुलांचे नाव आणि गाव सांगतो. पुष्कळदा स्वहस्ताने लिहितो. पणजोबांचे मोडी अक्षर त्या वहीत अकस्मात् समोर आले म्हणजे मोठमोठ्या अभ्यासकांचाही कंठ दाटतो. या नोंदीपासून लिहिणाऱ्यास ऐहिक लाभ नव्हता, म्हणून तिची किंमत मोठी. इनाम कमिशनपुढे, विशेषतः १८५२ च्या कायद्यानंतर, वतनदार-इनामदारांनी ज्या कैफियती व वंशावळी रुजू केल्या, त्यांची प्रत वेगळी. जमीन राखण्याच्या चिंतेने त्या लिहिलेल्या आहेत आणि त्याच चिंतेने त्या वाचल्या पाहिजेत. १८३६ पासून इंदापुरापासून सुरू झालेल्या जमीनपाहणीचे कागद आणि त्यानंतरचे गावदप्तर ही तिसरी प्रत. तेथे सरकारला सारा हवा होता. कूळ थोर की सामान्य याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने छापताना हाच धडा घालून दिला. बखरीपेक्षा अस्सल पत्र बळकट, कारण पत्र लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे त्या दिवशीचे काम होते, आपण नव्हतो. हा धडा मराठी इतिहासलेखनाने घेतला. कुलवृत्तान्ताने पुरता घेतलेला नाही.

पॅरिशच्या वहीचे आपल्या जवळचे उदाहरण हवे असेल तर ते गोव्यात आहे. तेथे एकीकडे चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या आणि दुसरीकडे गावकारीची दप्तरे, असे दोन्ही एकाच गावी मिळते. गावकारीच्या उत्पन्नातील वाटा वंशाने मिळावयाचा, म्हणून गावकरांचे वंश लिहिले गेले. बाप्तिस्म्याबरोबर मात्र जुने नाव पुसले जाऊन पोर्तुगीज नाव येई, आणि त्या ठिकाणी धागा तुटे. तुटलेला धागा जोडताना शोधकाच्या प्रामाणिकपणाची परीक्षा होते.

आपल्या कुलवृत्तान्तांचे दोन दोष येथे स्पष्टच सांगतो. पहिला, स्त्रियांविषयीचा. पत्नीचे माहेर आणि मुलीचे सासर लिहिण्याची चाल आपल्या ग्रंथांत आहे, हे मान्य. परंतु जुन्या पिढ्यांतून नावे काढून पाहावीत. सासरी ठेवलेले नाव असते, माहेरचे आडनाव असते. जन्मनाव, जन्मवर्ष, मृत्यूचे कारण, आयुष्यात केलेले काही एक, यांतले बहुधा काही नसते. विधवा होऊन चाळीस वर्षे घर सांभाळणारी आत्या एका ओळीत संपते. आयरिश पाद्र्याने आईचे माहेर नियमाने लिहिले, आणि ग्रिफिथच्या मोजदादीत विधवा स्वतःच्या नावाने कूळ म्हणून उभी राहिली. आपल्या गावदप्तरात स्त्रीचे नाव येते ते चमत्कारिक रीतीने. बाप वारला की तलाठ्याच्या फेरफारात वारस म्हणून बहिणींची नावे चढतात, आणि पुष्कळदा त्यापाठोपाठ हक्कसोडपत्राने ती कमी होतात. नाव वहीत आले ते निघून जाण्याकरिताच आले. १९५६ आणि २००५ च्या कायद्यांनी मुलींना दिलेला हक्क कागदावर कसा उतरला, याचा इतिहास या दोन लागोपाठच्या फेरफारांत आहे. कुलवृत्तान्तात तो सापडणार नाही. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या नावात आईचे नाव घालण्याचा नियम महाराष्ट्र सरकारने केला. नोंदवही सुधारली, वंशावळीने मागे राहू नये.

दुसरा दोष याहून खोल आहे. ज्यांच्यापाशी वतन, इनाम, विद्या वा वृत्ती होती त्यांचेच कुलवृत्तान्त झाले. मग बाकीच्यांना पूर्वज नव्हते काय? कोरेगावच्या स्तंभावर, १८१८ च्या लढाईत पडलेल्या सैनिकांच्या यादीत, 'नाक' हा प्रत्यय असलेली महारांची नावे कोरलेली आहेत. ती कोणा कुलमंडळाने जमविली नाहीत, कंपनीच्या फौजेच्या हजेरीपटाने राखली. तंजावरचा दगड राजाने आपल्या वंशासाठी कोरविला. कोरेगावच्या दगडावरील नावे परक्याच्या हिशोबातून आली. तसेच महारवतनाचे. ते वतन म्हणजे अल्पशा जमिनीच्या बदल्यात साऱ्या गावाची वेठ, आणि म्हणूनच डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात त्याविरुद्ध विधेयक आणले. १९५८ च्या कायद्याने ती कनिष्ठ गाववतने रद्द झाली. पण त्या वतनाच्या कागदांत ज्यांची नावे लागली, त्यांच्या वंशजांस आज तोच कागद आजोबांचा पत्ता देतो. गुलामगिरीचा दस्तऐवज हाच वंशाचा दस्तऐवज ठरावा, हे ज्या घरांच्या वाट्यास आले, त्यांच्या लेखकांनी कुलवृत्तान्त न लिहिता आत्मकथने लिहिली. दया पवारांच्या आत्मकथनाचे, १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या 'बलुतं'चे, नावच गावदप्तरातले आहे. मराठी समीक्षेने या आत्मकथनांकडे आणि कुलवृत्तान्तांकडे कधी शेजारी ठेवून पाहिले नाही. पाहिले असते, तर पूर्वजांचे लज्जास्पद वाटणारे वास्तव कसे लिहावे, याचा वस्तुपाठ कुलमंडळांना घरीच मिळाला असता.

नोंदवहीचे सामर्थ्य अलीकडे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या नेमणुकीनंतर जुन्या महसुली, शालेय आणि इतर दप्तरांत 'कुणबी' अशी नोंद शोधण्याचे काम जिल्ह्याजिल्ह्यांत चालले, आणि मोडी वाचणाऱ्यांचा एकाएकी शोध सुरू झाला. त्या वादात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. पण कोणा विस्मृत कारकुनाने खापरपणजोबांच्या नावापुढे घाईघाईने लिहिलेला एक शब्द पणतूच्या शिक्षणाशी आणि नोकरीशी बांधला जावा, यापरते नोंदीचे महत्त्व दुसरे काय सांगावे? जेथे शब्दाला एवढे मोल आहे तेथे तो चुकीचा वाचण्याचा किंवा हवा तसा वाचण्याचा मोहही तेवढाच मोठा असतो.

हा मोह आम्हां परप्रांतीय मराठी मंडळींना अधिक ग्रासतो. बंगालमध्ये राहणाऱ्या मराठी माणसास, आपले घराणे रघूजी भोसल्यांच्या फौजेबरोबर आले असे म्हणावयास आवडते. काही घराण्यांविषयी तशी परंपरा आहे. 'देशेर कथा' या १९०४ च्या बंगाली ग्रंथाचे कर्ते सखाराम गणेश देऊस्कर यांचा जन्म देवघरजवळच्या करौं येथला. त्यांच्या आडनावात कोकणातील गाव जपून राहिले होते. हुगळी जिल्ह्यातील इटाचुना येथल्या कुंडू घराण्याचे मूळ नाव कुंदन, आणि ते बर्गींपैकी, असे तेथे सांगतात. त्यांच्या वाड्यास लोक बर्गीडांगा म्हणतात. पण आपल्यापैकी बहुतेकांचे आजोबा घोड्यावरून आले नाहीत. ते आगगाडीच्या तिसऱ्या वर्गातून आले. कोणी रेल्वेच्या वा हिशेबाच्या कचेरीत कारकून म्हणून आले. कोणी सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी मुलखातून सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी आले आणि भट्टीपुढे आयुष्य घालवून गेले. त्या गलाईवाल्या आजोबांचे नाव कोणत्याही बखरीत नाही. गावच्या सातबाऱ्यावर, दोन एकर जिरायतीच्या खात्यात, चार भावांच्या मागे लागलेले आहे. आज तो उतारा कलकत्त्यात बसून संगणकावर पाहता येतो. त्यात शौर्य नाही. पण शंकाही नाही. आमच्या मते खरा कुलवृत्तान्त येथून सुरू व्हावा.

आता ती तिसरी गल्ली. १७४२ पासून रघूजी भोसल्यांच्या फौजा भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली बंगालमध्ये शिरल्या, तेव्हा कलकत्त्याभोवती खंदक खणण्याचे ठरले. सात मैलांचा बेत होता. सुमारे तीन मैल खणून झाल्यावर, मराठे येत नाहीत असे पाहून काम थांबले. बागबाजाराच्या बाजूने त्याचा आरंभ झाला होता. १७९९ साली बराचसा खंदक बुजवून त्यावर सर्क्युलर रोड बांधला गेला, आणि उरले ते एका गल्लीचे नाव. आपल्या इतिहासात ती 'बंगालवरील स्वारी' आहे. अलीवर्दीखानाने १७४४ साली भास्कररामांस भेटीस बोलावून मारले, हा विश्वासघात आहे. दोन्ही खरे. परंतु गंगाराम नावाच्या बंगाली कवीने १७५१ च्या सुमारास 'महाराष्ट्रपुराण' लिहिले, त्यात जळणारी गावे आणि पळणारी माणसे आहेत. आणि आमचा बिचारा 'बारगीर' हा शब्द बंगाली आयांच्या अंगाईगीतात 'बर्गी' होऊन लहान मुलांना भीती घालीत राहिला आहे.

मराठा डिच लेन ही आमची बागबाजारातली पॅरिशची वही आहे. ती आम्ही लिहिलेली नाही, आमच्या समाधानासाठी लिहिलेली नाही, आणि पुसणे आमच्या हाती नाही. आमच्या पूर्वजांच्या भीतीने दुसऱ्यांनी जमिनीत ओढलेली ती एक रेघ आहे. बंगालमधील ज्या मराठी घराण्यास आपले मूळ त्या स्वाऱ्यांपर्यंत नेण्याची हौस असेल, त्याने आपल्या कुलवृत्तान्तात ही रेघही घ्यावी. तेवढी तयारी नसेल, तर आजोबांच्या आगगाडीपाशी थांबण्यात कमीपणा नाही.

असो. कुलवृत्तान्त लिहू नयेत असे आमचे सांगणे नाही. अधिक लिहावेत, आणि अधिक जातींच्या, अधिक धंद्यांच्या घराण्यांनी लिहावेत. संपादकांस आमची विनंती एवढीच, की प्रत्येक पिढीपुढे ती कोणत्या कागदावरून घेतली हे लिहावे. ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणून द्यावी. बायकांची नावे त्यांच्या स्वतःच्या नावांनी द्यावीत. आणि जेथे कागद संपला तेथे जागा मोकळी ठेवावी. पुढल्या वेळी देशाकडून तो छापील तक्ता आला, की चौथ्या पिढीच्या घरात आम्ही स्वच्छ अक्षरांत 'ठाऊक नाही' असे लिहून पाठविणार आहोत. ते तसेच छापून यावे.